पाय होणाऱ्या गाड्या

२००७ सालच्या एका मंगळवारी माझा नवरा मोटारसायकलवरून पुण्याला कामावर निघाला. पिरंगुटच्या घाटात ट्रकने त्याला धडक दिली. दुपारी तो गेला.

नोकरीसाठी यवतमाळकडून येऊन आम्ही पौडला भाड्याच्या घरात राहत होतो. त्याला छंद एकच. खेळण्यातल्या अशा गाड्या, की त्या उलगडल्या की रोबो होतात, आणि पाच रोबो एकमेकांत अडकवले की एक मोठा रोबो उभा राहतो. चांगल्या कंपनीचे नव्हेत. जत्रेतल्या दुकानांत फुग्यांच्या मागे धूळ खात पडलेले, वाकड्या स्टिकरचे. तो म्हणायचा, छाती होणारा ट्रक सगळ्यांनाच हवा असतो, पाय होणाऱ्या गाडीकडे कोण बघतं? एखाद्या संचाचा हरवलेला पाय शोधत तो गावोगावच्या जत्रा फिरायचा.

घरमालकीण मावशी त्याची थट्टा करायच्या. "एवढा बाप्या मानूस, आन् गाडी गाडी खेळतुय!"

"खेळत नाही मावशी. याचा गुडघा निखळलाय, बसवतोय."

"मंग माझा बी बसीव की!"

जोडून ठेवलं की सांधे सैल पडतात, म्हणून तो सगळे संच सुटे करून कपाटात ठेवायचा. बघणाऱ्याला नुसत्या गाड्या दिसायच्या.

तेराव्याला सासूबाईंनी त्याची छत्री, चपला, अंथरूण दान केलं. मावशी म्हणाल्या, "आवडीचं बी वाटून टाका. जीव घुटमळत न्हाई." मी आत पडून होते. मावशींच्या नात्यातली पोरं आसपासच्या गावांतून जेवायला आली होती, कुणी रिह्याची, कुणी मुठ्याची. सासूबाईंनी त्यांना कपाटातल्या गाड्या वाटल्या. कुणी हिरमुसू नये म्हणून दोन कुणालाच दिल्या नाहीत. पोरं भांडली नाहीत, याचं त्यांना समाधान वाटलं होतं.

संध्याकाळी उठून मी कपाट उघडलं, आणि मला रडू फुटलं. तेरा दिवसांत तसं फुटलं नव्हतं.

"मले काय माईत माय, ते जोडते म्हणून," सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "जोडून काय होये त्याचं?"

"माणूस," मी म्हटलं. "मोठा."

त्या कपाटासमोर बसून राहिल्या.

मावशी दारातच उभ्या होत्या. "मागून आनू का गं? पोरंच हायेत, देतील."

सासूबाईंनी मान हलवली. त्याच्या नावाने दिलेलं परत घ्यायचं नसतं.

तरी पुढच्या उन्हाळ्यात मी एकदा रिह्याला गेले. एक तरी संच पुरा व्हावा, तो जोडायचा तसा एकदा उभा राहावा, एवढंच मनात होतं. एका अंगणात छोटी मुलगी मातीत जीप फिरवत होती. पिवळी, पाय होणारी. चाकाला तिने दोरा बांधला होता. मी पाणी मागितलं, प्यायले, आणि एसटीने परत आले.

माझ्याकडे आता दोन गाड्या आहेत. एक कपाटामागे पडलेली सापडली, दुसरी त्याच्या ऑफिसच्या बॅगेत होती. त्या वेगवेगळ्या संचांतल्या आहेत.