आधी छाती बघ

आमची चिंबोरीवाली बय कोणाच्या बापाला भ्यायची नाही. पनवेलच्या बाजाराबाहेर ती जिवंत चिंबोऱ्या घेऊन बसायची. त्यांच्या नांग्या दोरीने करकचून बांधलेल्या, बयचं तोंड मात्र मोकळं. कोणी नाक मुरडलं की लगेच म्हणायची, "नांगी हिची बांधलीय, माजी नाय!"

बय कातकरी. खडीच्या खाणीला लागूनच तिची वाडी. दिवसभर क्रशरची धूळ, शिवाय न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरचा धूर. विचुंब्याला आमच्या सोसायटीतही धूळ येते, पण आम्हाला खिडक्या लावून घेता येतात. बयच्या कुडाच्या झोपडीत काय लावणार? म्हणे हवा सगळ्यांना सारखीच. डोंबल सारखी!

तिच्या मांडीवर कायम नात असायची, चिमी. माझ्या लेकीच्या, सावनीच्याच वयाची, आणि खोकलाही तसाच, कुत्रं भुंकावं तसा. कोणाचंही पोर खोकलं की बय त्याचा सदरा वर करून छाती बघायची. माझ्या सासूबाईंना ते मुळीच आवडायचं नाही. "दाखवल्याबिगर कोन बगतो?" बय त्यांनाच उलट विचारायची.

एकदा दोघी पोरींना एकाच दिवशी धाप लागली आणि आम्ही एकाच दवाखान्यात भेटलो. डॉक्टरांनी सावनीला पुढून-मागून तपासलं. घराशी कबुतरं येतात का, गाद्यांना ऊन दाखवता का, सगळं विचारलं आणि मशीनवर वाफ दिली. मला अगदी "तुम्ही, तुम्ही." मग बय आत गेली.

"वाडीवरची ना तू? चूल पेटवत असशील. तुमच्यात खोकला असतोच."

झालं! आईच्या वयाच्या बाईला "तू", आणि वर औषधाची बाटली. तपासायची नळी डॉक्टरांच्या गळ्यातच लटकत राहिली.

बयने चिमीचं झबलं वर केलं आणि तिला सरळ टेबलावरच्या कागदांवर निजवलं. "लिवतोस काय? आदी छाती बग! त्या बायच्या पोरीला वाफ दिलीस, माजीला का नाय? तिची छाती सोन्याची हाय?"

मीही आत घुसले. माझाही आवाज काही लहान नाही. आम्ही दोघींनी मिळून दवाखाना डोक्यावर घेतला, तेव्हा कुठे चिमीला वाफ मिळाली. बरगड्या आत ओढायच्या थांबल्या, पोर हसलं.

पुढच्या वेळी धाप लागली तेव्हा बय खाडीवर चिंबोऱ्या धरायला गेली होती. चिमीची आई एकटीच तिला घेऊन गेली. ती गरीब गाय, भांडणं तिला कुठलं जमायला! दिलेली बाटली घेऊन ती मुकाट्याने परत आली. दिवस मावळायच्या आत चिमी गेली.

सोसायटीत एक बाई म्हणाल्या, "त्यांच्यात मुलं जातातच हो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जातात काय? घालवलीत तुम्ही! लेकराला श्वास मिळावा म्हणून आजी भांडखोर असावी लागते, ही कुठली रीत?

त्यानंतर बय मला एकदाच भेटली. पुढे खाण वाढली, वाडी उठली, ती कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी सावनी बाजारात माझा हात सोडून धावत सुटली आणि मी सवयीने ओरडले, "पळू नकोस, धाप लागेल!"

"वरडू नको गो बाय," बय म्हणाली. तिच्या मांडीवर नुसती टोपली होती. "पलू दे तिला. माजी पन पलली असती आता."