आकडेबाईंची एकुलती दुरुस्ती

आमच्या हिला गावात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'आकडेबाई' म्हणतात, अगदी तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला 'आकडेबाईंचा नवरा' म्हणतात, त्याचं मात्र मला वाटतं. तीस वर्षं मी घाटातली बस चालवतोय, तेरा वळणं डोळे मिटून सांगेन, पण आमच्याकडे येणारा पाहुणा रस्त्यात घर विचारतो ते हिचंच.

ही हवामान केंद्रावर निरीक्षक. केंद्र म्हणजे घाटाच्या पायथ्याशी दोन खोल्या. एक लोखंडी शेगडी, टेबलावर वायरलेसचा संच, भिंतीवर घड्याळ. आमचं घर भिंतीला भिंत लागून, आणि अंगण दोघांत एकच. त्या अंगणात चार उंच पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे. चारी बाजूंना झडपा, म्हणजे वारा आत खेळतो आणि ऊन-बर्फ बाहेर राहतं. आत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं. दोघांच्या आकड्यांत फरक मोठा असला की हवा कोरडी. फरक मिटला की हवा पाण्याने भरली, आता घाटात ढग उतरणार आणि बर्फ पडणार. एवढ्या वर्षांत मला एवढंच कळलं आणि तेवढं पुरतं.

खरं तर ती या केंद्रावर झाडायला लागली होती. तेव्हाच्या म्हाताऱ्या निरीक्षकाचे गुडघे गेले होते. पेटीच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून तो हिला पेटीपाशी पाठवायचा आणि खिडकीतून ओरडून विचारायचा. एक दिवस त्याने तिचा आकडा तपासायला स्वतः कुथत चढून बघितलं आणि खाली येऊन म्हणाला, "बाई, झाडू ठेवा आणि परीक्षेला बसा." बसली. पोर मांडीवर घेऊन अभ्यास केला आणि बत्तिसाव्या वर्षी निरीक्षक झाली. तेव्हापासून आमच्या घरात 'आज फार थंडी आहे' म्हणायची सोय राहिली नाही. लगेच विचारते, "किती?" मला ताप आला तरी आधी दशांश वाचते, मग माझ्याकडे बघते.

पेटीपाशी तर तिचा सोवळेपणा विचारू नका. तोंडाची वाफ लागून आकडा सरकू नये म्हणून श्वास रोखून उभी राहते. दार उघडायचं, बॅटरीचा उजेड काचेवर, आधी दशांश, मग अंश, दार बंद. सगळं दहा सेकंदांत. इकडे तिकडे बघायचं नाही. पेटीला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम मला लग्नाच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ आहे.

रोज आठ वाजता अकरा केंद्रं वायरलेसवर एकापाठोपाठ आपले आकडे सांगतात. आमचं सहा नंबर. खाली मुख्य कचेरीत साहेब ते घेतात आणि नऊ वाजता पुढच्या काही तासांचा अंदाज देतात. त्यावर घाट उघडा की बंद ते ठरतं. कोणाचा आकडा चुकला तर त्याने वायरलेसवर 'दुरुस्ती' द्यायची, कारणासकट, आणि ती वहीत लाल शाईने लिहायची. अकराही केंद्रं ऐकत असतात. प्रत्येकाच्या खात्यावर पाच-दहा दुरुस्त्या आहेत. हिच्या खात्यावर सव्वीस वर्षांत एकही नव्हती. गर्व होता का? होता की. नऊ नंबरवाल्याने एकदा भर थंडीत उणे बाराच्या जागी अधिक बारा सांगितलं, तर ही चार वर्षं त्याला विचारत होती, "काय नऊ नंबर, कलिंगडं लागली का?"

तर तो दिवस.

आमच्या लेकीला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. मी म्हणायचो, बाप बस चालवतो ते पुरे नाही का, पण आतून मला कोण आनंद. दोनदा परीक्षा थोडक्यात हुकली. पुढच्या महिन्यात अठ्ठावीस पूर्ण होणार, म्हणजे वयाची अट संपली. ही शेवटची संधी. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, घाटापलीकडच्या गावात. दुसरा रस्ता नाही. साडेनऊच्या बसने, म्हणजे माझ्याच बसने ती जाणार होती.

पहाटे सहाला मी बसच्या चाकांना बर्फाच्या साखळ्या चढवल्या. हातमोजे चिंब झाले. शेगडीपाशी वाळवायला गेलो तर तिथे लेकीचा एकुलता एक चांगला कोट पसरलेला, आणि ही म्हणाली, "त्याला खेटू नका, डाग पडेल." मला आला राग. घरात माझ्या दोन हातमोज्यांना जागा नाही म्हणजे काय? बाहेर आलो. समोर पेटी. वारा खेळणारी, कोरडी, नुसती रिकामी जागा अडवून उभी असलेली पेटी. आत मागच्या बाजूला एक खिळा होता. हातमोजे लटकवले, दार अलगद लावलं, आणि मनात म्हटलं, सातच्या आत काढून घेऊ. मग एक साखळी सुटली, तिच्या नादाला लागलो आणि विसरलो.

सातला हिने आकडा घेतला. काळोख, श्वास रोखलेला, उजेड फक्त काचेवर. आठला तो सांगितला. नऊला साहेबांचा आवाज आला: हवेचा दाब उतरतोय, सहा नंबरला दमटपणा अठ्ठ्याण्णव टक्के, तासाभरात माथ्यावर जोरदार बर्फ, घाट उद्यापर्यंत बंद.

लेकीने कोट घातला, बसमध्ये जाऊन पहिल्या बाकावर बसली आणि समोर घाटाच्या फाटकाच्या आडव्या दांडीकडे बघत राहिली. मागे नऊ प्रवासी कुरकुरत होते. मी स्टिअरिंगवर बसलो. आकाश निळं होतं. म्हटलं, हा कसला अंदाज? हात गारठले म्हणून सवयीने हातमोजे शोधले.

आणि आठवलं. बसमधून उतरून केंद्रापर्यंत दोनशे पावलं असतील, ती मी या वयात पळत गेलो.

ही टेबलापाशी बसली होती, खिडकीतून आकाशाकडे बघत. तिलाही काहीतरी पटत नव्हतं.

"अगं," मी म्हणालो.

"बोला."

"माझे हातमोजे."

"त्यांचं काय?"

"तुझ्या पेटीत आहेत."

मला वाटलं होतं, आता आभाळ कोसळणार. ती उठली, बाहेर गेली आणि पेटी उघडली. हातमोज्याचं एक ओलं बोट कोरड्या थर्मामीटरच्या बुडाला नेमकं टेकलं होतं. कोरडाही ओला. दोन्ही ओले, मग फरक पडणार कुठून? मेलेला उंदीर धरावा तसे तिने ते दोन बोटांत धरून माझ्यासमोर आणले आणि शेगडीजवळच्या खिळ्याला अडकवले.

"तुमच्याशी नंतर बोलेन," म्हणाली. परत जाऊन थर्मामीटर पुसला आणि घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं. तोपर्यंत तो खरं बोलणार नाही."

ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मी येरझाऱ्या घालत होतो आणि वर डोकंही चालवत होतो. शेवटी म्हणालो, "यंत्र बिघडलं होतं म्हण ना. तुझी पाटी स्वच्छ राहील."

"यंत्र बिघडलं म्हटलं तर ते दुरुस्त होईपर्यंत साहेब माझा एकही आकडा धरणार नाहीत. मग नवा आकडाही गेला आणि पोरीची परीक्षाही गेली."

"मग काय सांगणार?"

"झालं ते."

कोरडा उणे चार, ओला उणे साडेसहा. दमटपणा पंचेचाळीसच्या आसपास. तिने दाबाचा काटा बघितला, वारा बघितला, वर शिखराकडे बराच वेळ बघत राहिली. मग वायरलेसचं बटण दाबलं. कान लाल झालेले मला स्पष्ट दिसले.

"सहा नंबरची दुरुस्ती," ती म्हणाली.

पलीकडे दहा केंद्रांवर दहा माणसं हातातलं काम टाकून बसली असणार.

"कारण सांगा, सहा नंबर," साहेब म्हणाले.

"पेटीत माझ्या नवऱ्याचे ओले हातमोजे होते."

कोणीतरी फिस्सकन हसलं. नऊ नंबरच असणार. मी शेगडीमागे तोंड लपवायला जागा शोधत होतो. तिने आकडे सांगितले, अगदी दशांशासकट, आणि शेवटी म्हणाली, "बर्फ येणार आहे साहेब, पण दुपारी एकच्या पुढे. माझ्या मते."

"बाई, कारण नोंदीत असंच लिहू?"

"असंच लिहा. 'ओले' शब्द गाळू नका."

साहेबांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "सव्वीस वर्षांत तुमची एक दुरुस्ती नाही. आणि खोटं कारण द्यायचं असतं तर यापेक्षा बरं कोणालाही सुचलं असतं. माथा एक वाजेपर्यंत उघडा. त्यानंतर एक चाक नको."

मी दारातून सुटलोच. ती मागून बसपर्यंत आली. लेकीच्या कोटाची कॉलर नीट केली आणि मला म्हणाली, "शिखरावरून बर्फाचा तुरा उडतोय बघा. आत्ता तो डावीकडे आहे. उजवीकडे वळला की वारा फिरला. मग तुमच्याकडे वीस मिनिटं, फार तर."

"हातमोजे?" मी भीत भीत विचारलं.

"ओले आहेत," म्हणाली आणि वळली.

साडेदहाला फाटकाची दांडी वर गेली. काय चढलोय त्या दिवशी! साखळ्या बर्फ चावत होत्या, इंजिन गुरगुरत होतं, उघड्या हातांना स्टिअरिंग विस्तवासारखं लागत होतं, आणि पोर वेळ सांगत होती. चौथं वळण, अकरा पाच. सातवं, अकरा चाळीस. नवव्या वळणावर वरून घसरलेल्या बर्फाचा ढीग आडवा पडलेला. मी 'फावडं' म्हणायच्या आत लेक खाली उतरली होती, चांगला कोट काढून बाकावर ठेवून. मग कुरकुरणारे नऊच्या नऊ उतरले. एक जाडजूड शिंपी होता, तो म्हणाला, "आयुष्यात सुईपेक्षा जड काही उचललं नाही," आणि सगळ्यांपेक्षा जास्त बर्फ त्यानेच उपसला. तेरा मिनिटं गेली.

अकराव्या वळणावर लेक म्हणाली, "बाबा, तुरा."

सरळ उभा राहिला होता, ना डावीकडे ना उजवीकडे. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत तो उजवीकडे कलला. घड्याळात बारा सदतीस.

वीस मिनिटं, फार तर. मी गिअर टाकला. बारावं वळण. तेराव्याला मागचं चाक जरा घसरलं, साखळीने पकडलं, आणि पुढे एकदम सपाट रस्ता, माथ्याची पाटी, पलीकडचा उतार. बारा बावन्न. मागे वळून बघितलं तर आमच्या बाजूचं शिखर ढगात गेलं होतं. शिंपी माझ्या पाठीत धपाटे घालत होता, लेक हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही पुसले. लाज कसली त्यात?

परीक्षा तिने दुसऱ्या दिवशी दिली आणि काढली. आता मालगाडी चालवते आणि मुक्कामाच्या स्टेशनावरून आईला तिथलं तापमान कळवते. दशांशासकट. नऊ नंबरवाला अजून रोज आठला विचारतो, "काय सहा नंबर, आज काय वाळत घातलंय?" आणि ही निमूट ऐकून घेते. कलिंगडाचं उट्टं फेडतोय तो.

पण मला आठवतो तो त्या दुपारचा फोन. पलीकडच्या बस आगारातून चारला लावला. घाट चार दिवस बंद राहणार हे कळलं होतं.

"पोचलो," मी म्हणालो.

"माथा किती वाजता?"

"बारा बावन्न."

"इथे एक वीसला सुरू झालं. आत्ता मोजकाठीवर चौदा सेंटिमीटर बर्फ." मग म्हणाली, "लाल शाई उघडली तर वाळून गेलेली. सव्वीस वर्षांत उघडलीच नव्हती ना. काळ्यानेच लिहिलं."

मला एकदम भरून आलं. म्हणालो, "माझ्यामुळे तुझी पाटी खराब झाली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला तेवढा. मग तिने विचारलं, "हात कसे आहेत?"

"फार गारठलेत," मी म्हणालो, आणि आता ती 'किती?' म्हणेल म्हणून थांबलो.

नाही विचारलं तिने.

"हातमोजे वाळलेत," ती म्हणाली. "शेगडीपाशीच ठेवलेत. रस्ता उघडला की लगेच या."