नवव्या भागाचा डबा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि देवासमोर बसते तेव्हाही या एका गोष्टीला वळसा घालूनच पुढे जाते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असलात तर चांगली बाई म्हणूनच ओळखत असणार — आणि तेच तर दुखणं आहे.

तुमच्याही कपाटात कदाचित ती सीडींची पेटी असेल. मिठागरातल्या सासू-सुनेची ती कादंबरी, आणि तिच्यावरची तेरा भागांची मालिका. रविवारी सकाळी ती लागायची तेव्हा आमच्या डोंबिवलीत पेपरवाला पैसे मागायला येऊन दारातच टेकायचा, भाग संपल्यावर उठायचा. पुढे कितीतरी वर्षांनी ती सीडीवर आली. लोकांनी हौसेनं विकत घेतली आणि कपाळावर हात मारला. चेहऱ्यांचे चौकोन झालेले, खाडीचं पाणी हिरवंगार, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. तरी तेही एक वेळ चाललं असतं. पण नववा भाग? तो तर कुणीतरी घरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली प्रत. मधे पांढरे पट्टे, खाली क्रिकेटचा स्कोअर. आणि नववा भाग कुठला, तर सासू ओहोटीच्या चिखलातून पायी जाऊन सुनेला परत आणते तो. त्या चालण्यासाठीच अख्खी कादंबरी लिहिली गेली, असं माझी आई म्हणायची. सीडीवर ती सासू म्हणजे नुसता हलणारा डाग आहे.

ती सीडी मी केली. ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे एक छोटी कंपनी होती, तिथे जुन्या टेपांवरून सीडी करायचं काम माझ्याकडे होतं. एकेका सीडीत जास्तीत जास्त भाग कोंबायचे, हा हट्ट मालकाचा. त्याचं पाप मी घेणार नाही. पण नववा भाग...

थांबा, आधी जानकीमावशीबद्दल सांगायला हवं.

मालिकेचे दिग्दर्शक तोवर वारले होते. वाहिनीनं आपल्याकडच्या टेपा पुसून त्यांवर दुसरं काहीबाही चढवलं होतं. चांगला संच उरला होता एकच, दिग्दर्शकांच्या बायकोकडे, बाळकुमला. हीच जानकीमावशी. बाळकुमच्या कोळ्यांची लेक, शाळा चौथीपर्यंत. पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीला सुकी मासळी भरून ठेवतात ना, तशी तिनं नवऱ्याची मालिका भरून ठेवली होती. सुक्या मासळीचेच तेरा पत्र्याचे डबे, प्रत्येकावर रंगानं आकडा. दर मे महिन्यात टेपा बाहेर काढायच्या, रिकामे डबे उन्हात तापवायचे, निवले की टेपा परत आत, झाकणाच्या कडेनं कापडाची पट्टी आणि वरून मेण. असे किती पावसाळे तिनं काढले असतील! पहिल्या आठ टेपा मी मशीनवर लावल्या आणि एकीनंही कुरकुर केली नाही.

फक्त त्यांना वास होता. बोंबलाचा, अगदी हलकासा.

त्या दिवशी श्रावणी सोमवार होता. मला उपास, पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही. नववा डबा उघडला आणि तो वास माझ्या डोक्यात गेला. मी खिडकी उघडली. एसीनं गारठलेल्या त्या खोलीची खिडकी, जिच्यावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी होती — माझ्याच अक्षरातली. बाहेरची दमट हवा आत आली. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला जसं पाणी सुटतं, तसं मशीनच्या आत सुटलं असणार, कारण ओलाव्याचा लाल दिवा लागला. तो लागला की दोन तास मशीनला हात लावायचा नाही, हा नियम नवीन माणसांना मीच शिकवायचे.

दोन तास थांबले असते तर उपास सोडायला वेळेत घरी पोचले नसते. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी वीस वर्षं शोधतेय, सापडत नाही. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, दिवा विझला, आणि मी टेप आत ढकलली.

फर्रर्र — असा आवाज आला. टेप आत चिकटली होती. घाबरून मी उलटं गुंडाळायचं बटण दाबलं, तेव्हा उरलीसुरली टेपही खरवडत गेली. बाहेर ओढली तर साडीच्या निऱ्यांसारखी चुणलेली. मग मी काय केलं? खिडकी लावली.

मालक आले. मी विचार करायच्या आधीच माझी जीभ बोलून मोकळी झाली, "ओल लागलेली होती हो. माशांच्या डब्यात ठेवलेल्या टेपा, दुसरं काय होणार?"

कुणी एक प्रश्न विचारला नाही. पुढच्या चार टेपाही ठणठणीत निघाल्या, तरी तेरातली एकच कशी भिजली, हे कुणाच्या मनात आलं नाही. कोळणीच्या घरचा डबा म्हटल्यावर उत्तर सगळ्यांकडे तयारच होतं. आणि ते तयार असणार हे मला माहीत होतं — हे कबूल करताना आजही माझे कान तापतात. खोटं मी घाईत बोलले, पण निवडून बोलले.

मावशी खोपटला आली. ती चुणलेली टेप तिनं मांडीवर घेतली, पदरानं पुसली. म्हणाली, "माज्याच डब्यानं यांचं काम खाल्लं गो." मी तिला पाणी दिलं. आणि म्हटलं, असू दे मावशी, तुम्ही काय मुद्दाम केलंत? म्हणजे, माफ केलं मी तिला! माझ्या गुन्ह्याची माफी मी तिला दिली, आणि तिनं मान हलवून ती घेतली.

त्यानंतर तिनं आगोटीला मासळी भरणं सोडलं. नवव्या भागाबद्दल कुणी कुरकुरलं की ती हात जोडायची. घरी उतरवलेली ती प्रत मी कुठूनशी मिळवली होती, म्हणून माझे मात्र उपकार! दर नारळी पौर्णिमेला नारळीभाताचा डबा घेऊन ती ठाकुर्लीला माझ्या घरी यायची. मी दोनदा वाढून घ्यायचे.

गेल्या महिन्यात ठाण्यात एका सभागृहात त्या बारा टेपांवरून केलेली नवी, स्वच्छ प्रत दाखवली. मावशी आता ऐंशीच्या पुढची. माझ्या शेजारी बसली होती, माझा हात हातात धरून. प्रत तयार करणारा मुलगा म्हणाला, इतक्या निगुतीनं ठेवलेल्या टेपा मी कुठे पाहिल्या नाहीत. मग सहज विचारल्यासारखा म्हणाला, "नवव्या टेपेला पण ओल लागायचं काही कारण दिसत नाही. तिचं नेमकं काय झालं?"

माझ्या हाताला घाम फुटला. तिला तो लागला नसेल? लागला असेलच. उठ, मी स्वतःला म्हणाले. आत्ता उठ. तिसऱ्या रांगेत तर आहेस.

उठली ती. माझा हात सोडून, गुडघ्यावर हात टेकून. "त्या डब्याचं झाकण मीच बरोबर लावलं नसंल, बाबा. सगल्यांनी मना माफ करा." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. माझे दोन्ही हात आता मोकळे होते. मीही वाजवल्या.

निघताना तिनं पिशवीतून नववा डबा काढून मला दिला. मना आता तो बघवत नाय, म्हणाली, तू ठेव, तू तेवढं तरी वाचवलंस. मी घेतला. ठाकुर्लीहून बाळकुमला जायला तासभर पुरतो. मी गेलेले नाही. हे लिहून झाल्यावर जाईन, असंही मी म्हणणार नाही.

डबा माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. कडेला जुनं मेण आहे, आतून कोरडा ठक्क. झाकण अजून इतकं घट्ट बसतं, की उघडायला चमच्याचा दांडा घालावा लागतो.