नकाशावर उघडं राहिलेलं दुकान

एमबीएच्या शेवटच्या वर्षी आम्हाला जोडीनं एक प्रकल्प करायचा होता. वेगवेगळ्या वेबसाइटांवर सगळ्यांना मोकळी असलेली माहिती गोळा करायची, ती एकाच नकाशावर बसवायची आणि त्यावरून एखाद्या धंद्यानं पुढं काय करावं ते सांगायचं. सरांनी फळ्यावर ‘डेटा मॅशअप’ असं लिहिलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बीडमध्ये कोचिंग क्लास आणि मेस सोडून नकाशावर बसवायला आहे काय, असं बहुतेकांना वाटत होतं, आणि बहुतेक जोड्यांनी तेच विषय घेतले.

माझी जोडीदार पालीची होती. बी.कॉम.पासून आम्ही एका वर्गात होतो. तिच्या वडिलांचं पालीत हमरस्त्याला लागून पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. जळालेली मोटार खोलायची, तांब्याची नवी तार भरायची आणि पुन्हा चालू करून द्यायची, असं ते काम. त्या हिवाळ्यात एका सकाळी दुकानाकडं निघताना ते अंगणातच कोसळले. बीडला आणेपर्यंत गेले होते. विहारात त्यांच्यासाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला तेव्हा मी गेले होते. आठवडाभरानं ती कॉलेजात परत आली ती जणू काही झालंच नाही अशी, आणि आम्हीही तो विषय काढला नाही.

प्रकल्पाचा विषय तिनंच सुचवला. ‘‘मोटारींचंच घेऊ. मला त्यातलं कळतं.’’

ती वहीत काहीतरी रेघोट्या ओढत होती. मी बरं म्हणाले.

माझं गाव माजलगावकडं, कालव्याखालचं. उसाला पाणी सुटलं की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू होतात आणि मग जळतातही एकदम, हे मी लहानपणापासून बघत आले होते. म्हणून आम्ही धरणांच्या पाणीसाठ्याचे सरकारी आकडे घेतले, शेतीच्या विजेचं वेळापत्रक घेतलं आणि नकाशाच्या वेबसाइटवरून मोटार दुरुस्तीची दुकानं, त्यांच्या वेळा, लोकांनी लिहिलेले अभिप्राय घेतले. हे सगळं एकमेकांवर बसवलं की कुठं मोटारी जास्त जळणार आणि जवळ दुकान नाही, ते दिसायला हवं होतं. नवं दुकान काढायचं तर ते तिथं.

एका दुपारी लॅबमध्ये तो नकाशा पहिल्यांदा नीट उमटला. माजलगावच्या बाजूला ठिपक्यांची दाटी होती. बीडमध्येही होती. बिंदुसरा धरणाजवळ, पालीला, एकच हिरवा ठिपका होता. तिनं त्यावर माउस नेला. तिच्या वडिलांच्या दुकानाचं नाव आलं आणि खाली लिहून आलं, ‘आता उघडे आहे’.

दुकान नकाशावर तिनंच टाकलं होतं, बी.कॉम.ला असताना. वडील ते आल्यागेल्याला दाखवायचे, असं तिनं मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. ती उठून पाणी प्यायला गेली. परत आली आणि दुसऱ्याच तक्त्याचं काम करत बसली.

दुसऱ्या दिवशी सरांनी नकाशा पाहिला. बंद पडलेली दुकानं शोधून काढून टाका, नाहीतर उत्तर चुकीचं येईल, असं त्यांनी बजावलं. पालीच्या ठिपक्याचं त्यांना काही माहीत नव्हतं. ते गेल्यावर मी तिला म्हणाले की हे काम मी करते, तू विजेचं वेळापत्रक बघ.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘मीच करते.’’

एकेका दुकानाचं पान उघडत ती पालीपर्यंत आली. वडिलांच्या कामाबद्दल लोकांनी बरं लिहिलं होतं. ते सगळं तिनं सावकाश वाचलं. सगळ्यात शेवटी, ते गेल्यानंतरच्या तारखेचं, कुणीतरी विचारलं होतं, ‘दुकान कधी उघडणार? माझी मोटार तुमच्याकडं हाय. फोन लागत न्हाई.’

वडिलांचा फोन बंद करून कपाटात ठेवलेला होता. दुकानाचं शटर त्या दिवसापासून कुणी वर केलं नव्हतं. आई तिकडं बघतसुद्धा नव्हती, रस्त्यानं जाताना पदर पुढं ओढून घ्यायची. आत लोकांच्या मोटारी असतील, हे घरात कुणाच्याच मनात आलं नव्हतं. तिनं पानाखाली उत्तर लिहिलं की दुकानाचे मालक वारले, मी त्यांची मुलगी, तुमची मोटार घेऊन जा, आणि स्वतःचा नंबर दिला. लिहून झाल्यावर मात्र तिनं डोकं टेबलावर टेकवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. लॅबमध्ये इतर जोड्या होत्या, त्यांनी आमच्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी तो मोटारवाला माणूस येणार म्हणून तिनं मलाही पालीला बोलावलं. मेंढ्या राखणारं घर, थोडी जिरायत आणि एक विहीर, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. ती प्रश्नाची ओळ त्याच्या पुतण्यानं लिहिली होती. म्हातारा माणूस होता. घरी येऊन तो आधी तिच्या आईसमोर हात जोडून बसला. मोटारीचं नावही काढेना. शेवटी आम्ही दुकानाकडं जायला उठलो तेव्हा त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

‘‘राहू दे पोरी,’’ तो म्हणाला. ‘‘कावून उघडायचं आता? मला ठाऊक असतं तर इचारलंच नसतं.’’

‘‘उघडावं तर लागंलच की, बाबा,’’ ती म्हणाली.

आम्ही निघालो तेव्हा आईही चपला घालून मागं आली. शटर घट्ट बसलं होतं, त्या म्हाताऱ्यानं आणि मी जोर लावून ते वर केलं. आत तारेवर लावायच्या वार्निशचा जुना वास कोंडला होता. खुंटीला तिच्या वडिलांचा काम करतानाचा शर्ट होता. भिंतीकडेला मोटारी मांडून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव रंगानं लिहिलेलं. म्हाताऱ्याची मोटार तयार होती. बाकीच्यांतल्या काही तयार होत्या, काही नुसत्याच खोललेल्या. आईनं शर्ट काढून छातीशी धरला आणि उंबऱ्यावर बसून ती त्या दिवसानंतर पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडली. म्हातारा बाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहिला, हातातला टॉवेल डोळ्यांना लावून.

पुढचे काही रविवार आमचे त्या मोटारी पोचवण्यात गेले. अर्धवट राहिलेल्यांसाठी तिनं वडिलांच्या जुन्या कारागिराला फोन केला. तो दुकान बंद झाल्यावर पुण्याकडं एका कारखान्यात लागला होता. सुट्टी काढून तो आला, जयभीम घालून कामाला बसला आणि राहिलेल्या मोटारी पुऱ्या करून गेला.

मधल्या काळात प्रकल्पही संपवायचा होता. तिनं पालीचा ठिपका स्वतः काढला. त्याबरोबर धरणाखालचा सगळा पट्टा नकाशावर लाल झाला. नव्या दुकानाची सगळ्यात जास्त गरज तिथंच दिसत होती.

सादरीकरणात सरांनी विचारलं, की आधीच्या नकाशात इथं गरज नव्हती, मग आता एकदम कशी आली?

‘‘सर, इथं माझ्या वडिलांचं दुकान होतं,’’ ती म्हणाली. ‘‘ते गेले. त्यांच्याकडं येणारे लोक आता बीडपर्यंत मोटार घेऊन येतात.’’

सरांनी चष्मा काढून पुसला आणि ‘बस, बाळ,’ एवढंच ते म्हणाले. पहिला नंबर मेसच्या प्रकल्पाला मिळाला. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

दुकान परत सुरू करावं असं तिनं घरी सुचवलं, तेव्हा तिच्या काकांना ते पटलं नाही. जागा हमरस्त्याची, भाड्यानं द्या, असं त्यांचं मत. मग एकदा आईनं कारागिराच्या बायकोला फोन करून विचारलं की तुम्ही गावाकडं परत येता का. ते आले. माझी मैत्रीण काही महिने दुकानात बसली, नंतर तिला बँकेत नोकरी लागली आणि ती लातूरला गेली.

मागच्या उन्हाळ्यात सोलापूरला जाताना मी पालीला उतरले. दुकानात खुर्चीवर काकू, म्हणजे तिची आई, बसल्या होत्या. कारागीर आत वार्निश लावत होता. काकूंनी मला ओळखलं, चहा मागवला, लेकीचं सांगितलं. बोलता बोलता फोन वाजला. त्यांनी तो उचलला, गाव विचारलं, मोटार किती पॉवरची ते विचारलं आणि म्हणाल्या, ‘‘घेऊन या दादा. हाय आम्ही.’’