नवे जुने टायर

आमच्या घरात जीपच्या टायरांवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या माहेरावरूनही झाली नाहीत. सासरे फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक म्हातारी जीप घेतली आणि शहापूरच्या आमच्या अंगणात आणून उभी केली. ती चालायची, पण नवऱ्याला ती फौजेच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतल्यासारखी दिसायलाही हवी होती. आता तसले जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर कोण बनवतो? तरी पठ्ठ्याने कल्याण पालथं घातलं, भिवंडीची भंगारं धुंडाळली. एकाने तर ट्रॅक्टरचे पुढचे टायर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. शेवटी जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने बनवलेले टायर परदेशातून मागवून देणारा व्यापारी सापडला. मी त्यांना ‘नवे जुने टायर’ म्हणायचे आणि तो चिडायचा.

टायर आले तेव्हा सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नणंदेकडे होते. नवऱ्याने त्या व्यापाऱ्याच्या माणसांकडून टायर बसवून घेतले आणि फोटोत दिसतात तशी चाकंही एकसारखी हिरवी रंगवली. मुरबाडला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. त्या सकाळी मागच्या चाकाची हवा जरा उतरलेली दिसली. “वाटेत दाखवतो,” म्हणत तो निघून गेला.

थोड्या वेळाने सासरे घरी परतले, डोळ्यांवर काळा चष्मा. मी कौतुकाने मोबाइलमधला जीपचा फोटो दाखवला. त्यांनी तो नाकाजवळ धरला.

“लाल नट कुठं गेले गो?”

“हिरवे केले सगळे.”

त्यांनी फोटो पुन्हा निरखला. म्हणाले, या चाकाला नटांच्या दोन फेऱ्या असतात. आतली फेरी चाक गाडीला धरते. बाहेरची चाकाचे दोन अर्धे भाग एकमेकांना धरून ठेवते. आत हवा असताना बाहेरचा नट सोडला, तर अर्धं चाक उडून सोडणाऱ्याच्या तोंडावर येतं. “माझ्या डोळ्यांदेखत एक पोरगा गेला.” लाल नटाला हात लावायचा नाय, एवढंच ते घरात सांगत आले होते. का, ते कधी बोलले नव्हते. मला त्यांचा राग आला आणि नवऱ्याचा त्याहून जास्त.

फोन लावला तर रेंजच्या बाहेर. सासऱ्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले. किन्हवलीच्या रस्त्याला धूळ उडत होती. “डोळे झाका,” मी ओरडत होते आणि ते “बघून चालव” म्हणत होते. दर पंक्चरवाल्यापाशी वेग कमी करायचा. जीप दिसली नाही की जीव भांड्यात पडायचा, पुढच्या वळणाला पुन्हा घशाशी यायचा.

सरळगावच्या अलीकडे ती दिसली, जॅकवर चढवलेली. पंक्चरवाला चाकासमोर उकिडवा बसला होता. पाना बाहेरच्या नटावर, पान्याला लांब पाइप. नवरा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

“हात काढ!” सासरे गरजले. फौजेतला तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. दोघेही दचकून मागे सरले.

नट अजून जागचा हलला नव्हता. पंक्चरवाला कातावला होता. “कवाचा खोलला असता. ह्यो खोलू देत नाय ना! रंग खरवडेल म्हणतो, फडकं गुंडाळ म्हणतो.” नटाभोवती खरंच नवऱ्याचा रुमाल होता. हसावं की याला थोबाडीत द्यावी, मला कळेना. मी रस्त्याच्या कडेला बसून रडले.

सासऱ्यांनी आधी हवा सोडायला लावली. ती सुटत राहिली, सुटतच राहिली. एवढी हवा आत होती.

समोरच्या जनरल स्टोअरमधून मी लाल नेलपॉलिश आणली. नवऱ्याने गुडघे टेकून चारही चाकांचे बाहेरचे नट रंगवले. थेंब नव्या हिरव्या रंगावर पडत होते. त्याने ते पुसले नाहीत.

मुरबाडला एका जाणकार गृहस्थांनी टायरांचं तोंडभरून कौतुक केलं. मग चाकाजवळ वाकले आणि म्हणाले, “नट तेवढे ओरिजिनल वाटत नाहीत.”

एरवी नवऱ्याने तासभर वाद घातला असता. त्याने बाजूला उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं.

“टायर नवे आहेत,” तो म्हणाला. “ओरिजिनल तेवढे नटच आहेत.”