न विचारता घातलेलं चूर्ण

मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा असल्याचं निदान झालं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. माहेर यवतमाळचं, ठेच्याशिवाय मला घास उतरत नसे. पुढची दोन वर्षं रोज वहीत लिहीत गेले: काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का. त्या वहीतून मला सोसणारं जेवण हळूहळू सापडलं. मऊ भात, मुगाचं वरण, साल काढून शिजवलेला दुधी, पिकलेलं केळं. दूध बंद, कच्चं काही नाही, मटकीला तर लांबूनच नमस्कार. गोळ्या चालूच होत्या. पथ्य गोळ्यांच्या जोडीला असतं, त्यांच्याऐवजी नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या उन्हाळ्यात स्टेरॉइड जवळजवळ सुटलं होतं. हडपसरला ऑफिसला जाताना, मध्येच उतरावं लागलं तर कुठे जायचं, हा हिशेब मी सोडून दिला होता.

अशात नणंदेचं लग्न ठरलं आणि नवऱ्याच्या मावशींनी कर्वेनगरला केळवण केलं. मी माझा डबा घेऊन गेले.

"आमच्याकडे येऊन डबा खाणार? शोभतं का?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, मला बाकीचं चालत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"हल्ली कुणालाच काही चालत नाही. दे इकडे, निदान गरम करून आणते."

मी दिला. वरणभात गरम होऊन आला, जरा तुरट लागला. डाळ खाली लागली असेल असं वाटून मी मुकाट्याने संपवला.

घरी पोचेपर्यंत पोटात पीळ पडायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा वेळा जाऊन आले. शेवटी शेवटी नुसतं रक्त. बाथरूममधून बाहेर येऊन भिंतीला टेकले होते, तेवढ्यात मावशींचा फोन.

"काय गं, पोट साफ झालं ना?"

मला कळेचना. "म्हणजे?"

"अगं, भातात दोन चमचे चूर्ण घातलं होतं. सगळी घाण निघून जाते. सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस."

बरोबर. मी घेतलं नसतं. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. आणि वर कौतुकाची वाट बघत होत्या!

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चूर्णामुळेच आजार उलटला, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण सुजलेल्या आतड्याला जुलाबाचं औषध कुणी देतं का?" स्टेरॉइड पुन्हा पूर्ण डोसने सुरू झालं.

"त्यांचा हेतू वाईट नव्हता," रिक्षात नवरा म्हणाला.

"नसेल. मग जाऊन त्यांच्या हेतूचे आभार मान. काल बाथरूमच्या दाराबाहेर तूच उभा होतास ना?"

संध्याकाळी त्याने स्वतः मावशींना फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "एवढ्याशा चूर्णाचा केवढा बाऊ करता रे!"

लग्नापर्यंत गोळ्यांनी माझा चेहरा सुजून गोल झाला होता. "तब्येत सुधारली हो सूनबाईंची," येणारा-जाणारा म्हणत होता. जेवणाच्या हॉलमध्ये मावशी वाटी घेऊन आल्या. "साधी खीर आहे. आता ही तरी घे."

"मावशी, तुमच्या हातचं मी खाणार नाही. न विचारता माझ्या जेवणात तुम्ही औषध घातलंत."

आसपासच्या दोन-तीन टेबलांवरचं बोलणं थांबलं. मावशी वाटी घेऊन परत गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळ्यांना तेच तेवढं दिसलं. सासूबाई कुजबुजल्या, "अगं, चारचौघांत कशाला बोललीस?" चारचौघांत नाही तर कुठे? खाजगीत, फोनवर सांगून झालं होतं; त्याला त्या बाऊ म्हणाल्या होत्या.

स्टेरॉइड सुटायला त्यानंतर चार महिने लागले. मावशी अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि नातेवाइकांत उद्धट म्हणून माझं नाव झालंय. नवरा मधूनमधून म्हणतो, एकदा जाऊन येऊ. मी त्याला सांगितलंय: त्या एकदा चुकलं म्हणू देत, मी त्याच दिवशी येईन.

अजून तरी त्या म्हणालेल्या नाहीत.