पोळ्या लाटताना बोललेलं

परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, आजी, तू आमच्याकडे राहायला का येत नाहीस? उत्तर लिहूनच दिलेलं बरं.

ठाण्याच्या कॉलेजात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यात दरवर्षी एक आयरिश नाटककार असे. तो खेड्यात जाऊन राहिला, चुलीपाशी बसून त्याने लोकांचं बोलणं ऐकलं आणि तेच रंगमंचावर आणलं. त्याच्याच देशबांधवांनी थिएटरात आरडाओरडा करून नाटक बंद पाडायचा प्रयत्न केला. ‘प्रेक्षकांच्या संतापाची कारणे लिहा’ हा माझा ठरलेला प्रश्न. पाच कारणं लिहिली की पूर्ण मार्क. आपण सगळे नाटककाराच्या बाजूचे. प्रेक्षक अडाणी.

मग तुमचे आजोबा गेले आणि मी इकडे परदेशात, कॅसल हिलला तुमच्या घरी आले. आल्या आल्या मी स्वयंपाकघर लावलं. डब्यांवर लेबलं, लेबलांवर तारखा. तुमची आई काही बोलली नाही. निदान मला तरी नाही.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाला गणपतीसाठी एकांकिका हवी होती. पुण्याहून मागवलेल्या संहितांमध्ये इथलं काहीच नव्हतं. मी म्हटलं, मी लिहिते. तुमची आई रोज पोळ्या लाटताना स्पीकरवर तिच्या बहिणीशी बोलायची. मी डायनिंग टेबलाशी पाठमोरी, वही घेऊन. शब्दकोडं सोडवतेय असं तिला वाटे. इतकं जिवंत मराठी मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. नाटकातली बाई मी ब्रिस्बेनची केली, सासूच्या जागी आत्या घातली, आणि पुरेसं बदललं असं समजले.

प्रयोगाला हॉल भरलेला. मी विंगेत प्रॉम्प्टिंगला. ती बाई म्हणाली, “माझ्याच किचनमध्ये मी पाहुणी गं! हळदीच्या डब्यालासुद्धा एक्सपायरी डेट लावलीय. उद्या मला लावतील!” हॉल हसून लोळला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत तुमच्यापैकी धाकटं खुर्चीवर उभं राहिलं आणि ओरडलं, “मम्मा, दॅट्स यू!”

लोक आणखी हसले. मान वळवून तिच्याकडे पाहत हसले.

धाकटे, तू चार वर्षांची होतीस. तुझा काही दोष नाही, म्हणून तर हे सांगतेय.

गाडीत तुमची आई म्हणाली, “आई, तुम्ही माझ्यामागे बसून लिहून घेत होतात?”

“नाटक आहे ते. ती बाई ब्रिस्बेनची आहे.”

“साडी तिची. बोलणं माझं.”

तुमचा बाबा म्हणाला, “अगं, लोक केवढे हसले! हिट झालं ना?”

“हो ना. मला हसले. आणि तू गाडी चालव.”

मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी तिला त्या आयरिश नाटककाराची गोष्ट सांगितली. थेट लेक्चर दिलं, वाटेतलं पॅरामॅटा येईपर्यंत. ती शेवटी एवढंच म्हणाली, “त्यांना कुणी विचारलं होतं का हो, त्या खेड्यातल्या लोकांना?”

तीस वर्षांत हे कारण एकाही पेपरात आलं नव्हतं. आलं असतं तर मी मार्क दिले नसते.

सहा महिन्यांनी तुम्ही ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला गेलात. नोकरीसाठी, असं बाबाने सांगितलं. तुमच्या आईने मलाही विचारलं, नाही असं नाही. “आई, तिकडे उकाडा फार आहे, तुम्हाला झेपेल का?” असं विचारलं. मी इथेच, हॅरिस पार्कला फ्लॅट घेतला. खाली वाण्याचं दुकान आहे, स्टेशन जवळ आहे. डब्यांना लेबलं आहेत, त्यावर कुणी काही बोलत नाही.

तो नाटककार आपल्या शहरात परत गेला. मला त्याच घरात दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसावं लागलं. हा फरक मी वर्गात कधी शिकवला नाही.

हल्ली रविवारी तुम्ही फोन ओट्यावर ठेवता. माझा आवाज आला की लाटण्याचा आवाज थांबतो. मी विचारते, “कशी आहेस?” ती म्हणते, “फाइन, आई.” माझ्यासमोर ती आता इतकंच बोलते, तेही जपून. मला राग येतो. चूक माझी, हे माहीत असूनही येतो.

ती वही मी फाडलेली नाही. आणखी काही विचारायचं असेल तर आईला विचारा. ती काय म्हणते ते मात्र मला सांगू नका. मी लिहून घेईन.